अठ्ठावीस मीटर वीस

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे, आतलं माझं. फसवलं म्हणून चिडू नकोस, आणि आईवर तर मुळीच नको. तुझे जुने कागद तुला पाठवायचेत असं सांगून मी तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच टाकून दिलं असतंस. फोन तर तू उचलत नाहीसच.

मला फक्त एक आकडा हवाय. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी पोल व्हॉल्टची धाव कुठून सुरू करायचे, चिकटपट्टीची खूण कुठे लावायचे? माझ्या वहीत अठ्ठावीस मीटर वीस असं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. पण ते खरंच अठ्ठावीस वीस होतं का? का अठ्ठावीस साठचे घाईघाईत वीस झाले? तू दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि मी तोंड वर करून आकडा विचारतेय. माझी मलाच लाज वाटते. पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

झालंय असं की परवाच्या स्पर्धेत मी तीन वीसवर बाद झाले. तीन मीटर वीस, ताई! ज्या उंचीवरून मी कॉलेजात गप्पा मारत पलीकडे जायचे. तीन संधी आणि तिन्ही फुकट. निकालाच्या कागदावर माझ्यापुढे आकडासुद्धा नाही, नुसती आडवी रेघ. त्याच्या आधीच्या स्पर्धेत तीन चाळीस जमले, त्याच्या आधी पुन्हा रेघ. कॉलेजात तीन पंचाहत्तर मारणारी ती मीच ना? मला कधीकधी शंका येते.

पाय आत येतोय. म्हणजे येत असावा. उडायच्या क्षणी नजर वर असते, त्यामुळे आपला पाय कुठे पडला ते आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून तर तू तिथे उलट्या बादलीवर बसायचीस. पाय त्या पोल टेकवायच्या पेटीच्या फार जवळ पडला, की पोल हातांना असा हिसडा देतो की खांदा निखळेल, आणि मला वर न नेता परत धावपट्टीवर आणून उभं करतो. परवा तिन्ही वेळा हेच. पंच बिचारे दुसरीकडे बघत होते.

आणि आता मुदतही पडलीय. मैदानाच्या ऑफिसने फळ्यावर कागद लावलाय: या हंगामात खुल्या स्पर्धेत ज्या बायका तीन साठ पार करतील त्यांनाच पुढच्या वर्षी पोल व्हॉल्टच्या सरावाचं कार्ड. बाकीच्यांनी पळायला यावं, स्वागत आहे. गावात गादी एकच आहे हे तुला माहीत आहे. कार्ड गेलं की संपलं. मग मी चार मीटरचा पोल घेऊन काय करू, छताची जळमटं काढू? हंगामातली शेवटची स्पर्धा सतरा मेला.

एवढंच. आकडा कळव.

बेडकी
(तू ठेवलेलं नाव अजून वापरायची परवानगी आहे असं धरून चालते.)


१९ मार्च

ताई,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. ठीक आहे. मी वाट बघत नव्हतेच. रोज दुपारी आईला फोन करून "काही आलं का" असं विचारते, ते वीजबिलासाठी.

मी आता चष्म्याच्या दुकानात आहे, हे आईने सांगितलं असेल. लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजते आणि त्याप्रमाणे काचा कापते. एक मिलिमीटर चुकला तर गिऱ्हाईक आठ दिवसांनी डोकं धरून परत येतं. माझी अजून एकही काच परत आलेली नाही. दुकानाचे मालक, त्यांना सगळे काकाच म्हणतात, परवा म्हणाले, "दुसऱ्यांचं इतकं नेमकं मोजतेस, तुझंच कसं गं हुकतं?" मला इतका राग आला की मी त्यांचाच चष्मा पुसत बसले.

प्रत्येकाकडे माझ्या अपयशाचं कारण तयार आहे. काकांच्या मते डोळे. त्यांनी जबरदस्तीने तपासले, ठणठणीत निघाले, काका खट्टू झाले. आईच्या मते अंगात रक्त नाही. लंबूच्या मते वय. तुला लंबू आठवते ना, माझी कॉलेजातली वैरीण, दर स्पर्धेत माझ्याकडे वरून खाली बघायची ती? आता प्राथमिक शाळेत शिकवते आणि अजून उडते. मला म्हणते, "वय झालं गं आपलं." स्वतः माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि तीन साठ आरामात मारते. त्या दिवशी तिचा गळा धरायचाच बाकी होता.

आता खरी गंमत ऐक. सरावाला माझा पाय बरोबर पडतो! अठ्ठावीस वीसवरून पळते, उडते, जाते. मी पेटीपाशी खडू पसरून बघितलं, बुटाचा ठसा जिथे हवा तिथेच. स्पर्धेच्या दिवशी तीच टेप, तोच आकडा, तेच बूट, आणि पाय वीतभर आत. सांग बघू असं कसं? मी बूट बदलले. पोल बदलला. न्याहारी बदलली. एकदा उजवीऐवजी डाव्या बाजूने धावपट्टीवर चढले. डोक्याचा पार भुगा झालाय.

स्पर्धेत बघायला कोणीतरी हवं म्हणून मैदान झाडणाऱ्या मामांना बसवलं होतं. किती समजावलं, मामा, माझ्या पायाकडे बघा. उडी झाल्यावर विचारलं, कुठे पडला? तर म्हणाले, "दांडी पडली की!" सगळे वर बघतात, ताई. आयुष्यात माझ्या पायाकडे बघणारी तू एकटी. मोबाइल बाटलीला टेकवून ठेवला, तर वाऱ्याने आडवा झाला आणि अकरा मिनिटं नुसतं आभाळ घेत बसला. तुला आवडलं असतं, चांगले ढग होते.

तू गेलीस त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. ते आकड्याशी संबंधित नाही.

बेडकी


६ एप्रिल

ताई,

बरं. संबंधित आहे.

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आता दुकानात जेवणाची सुट्टी आहे, काका समोर पेंगताहेत, आणि आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी मैदानावर वारा होता, म्हणून तू तुझं निळं विंडचीटर मला दिलंस. मी खडू शोधायला खिशात हात घातला तर हाताला कागद लागला. हवामान खात्याचं पत्र. निरीक्षकाच्या जागेसाठी मुलाखत, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ. माझी फेरी नऊला.

मी ते पूर्ण वाचलं. दोनदा. मग होत्या त्याच घड्या घालून परत ठेवलं. रात्री तू ते खिशातून काढून घेतलंस, विंडचीटर माझ्याकडेच राहिलं.

शाळेत असल्यापासून तू गच्चीवर उभी राहून वाऱ्याची दिशा वहीत लिहायचीस. लोक सिनेमातल्या नटांची चित्रं भिंतीला लावतात, तू ढगांची लावली होतीस. त्या नोकरीचा अर्ज तू मला न सांगता केलास, म्हणजे तुला ती किती हवी होती हे मला कळायला हवं होतं. कळलंही. आणि तरी मी गप्प बसले, कारण दुसऱ्या दिवशी बादलीवर तू हवी होतीस. आमचे सर अडथळ्यांच्या शर्यतीचे. त्यांना पोल व्हॉल्टमधलं एवढंच कळायचं की पोल लांब असतो. तू नसतीस तर मी एकटी पडले असते.

सकाळी तू थर्मास घेऊन मैदानावर आलीस. मी मनात म्हटलं, तिचं तिने ठरवलं, तिला नसेल जायचं. ताई, मी हे इतक्या वेळा घोकलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी मी तीन पंचाहत्तर मारले. तू बादलीवरून उठून नाचलीस. तेव्हा दहा वाजून गेले होते, मी घड्याळ बघितलं होतं.

आणि संध्याकाळी मी काय म्हणाले? की पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी तू तुझ्या तेव्हाच्या नोकरीत रजा टाक. तू म्हणालीस, "तुझी खूण बघायला जन्मले नाही मी." आणि मी म्हणाले, "मग कोणी बोलावलं होतं तुला?" सगळं माहीत असताना हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. तू बॅग भरलीस तेव्हा मी दारात उभी राहून अंगठ्याचं नख खात होते.

तुला मला माफ करायचं असेल नसेल ते तू बघ. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी वाचलं होतं.

आकडा नाही सांगितलास तरी चालेल.

बेडकी


२१ एप्रिल

ताई,

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात तीन वाक्यं! मी जिन्यातच उभी राहून वाचलं. मग घरात जाऊन वाचलं. मग आईने पाणी दिलं ते हातात धरून वाचलं. तुझी वाक्यं इथे उतरवते, म्हणजे तूही बघ कशी दिसतात:

"पत्र तू वाचलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, तुझ्या हाताचा खडू कागदाला लागला होता. तुझी खूण स्पर्धेच्या दिवशी कधीच अठ्ठावीस वीसवर नसायची. तू सराव उड्यांआधी अंग मोकळं करायला गेलीस की मी ती मागे सरकवायचे."

म्हणजे? ताई, म्हणजे काय?

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही, हा धावपट्टीवरचा पहिला नियम आहे! कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. लंबूसारखी लंबू, जिने माझं वाटोळं व्हावं म्हणून मनातल्या मनात शंभर वेळा इच्छा केली असेल, तिने कधी माझ्या चिकटपट्टीला बूट लागू दिला नाही. आणि माझी सख्खी बहीण शेवटचं सगळं वर्ष माझी खूण हलवत होती! आणि मी वहीत इमानेइतबारे अठ्ठावीस वीस लिहून खाली दोन रेघा मारत होते! कॉलेज सुटल्यापासून मी त्या रेघांवर जगतेय. स्वतःला दोष देतेय, बूट बदलतेय, जेवण सोडतेय.

मग ते तीन पंचाहत्तर कोणाचे? माझे की तुझे? दोन दिवस मी कामात नुसती भिरभिरतेय. आज एका बाईंना मी डाव्याची काच उजवीकडे बसवून दिली. त्या म्हणाल्या, जग तिरपं दिसतंय. मी म्हटलं, मलाही.

आणि खडू. तुला कळलं होतं. तरीही तू थर्मास घेऊन आलीस, कपात चहा ओतून दिलास आणि म्हणालीस, "शांत पळ." तू माझी परीक्षा बघत होतीस का? मी म्हणेन म्हणून वाट बघत होतीस का, "ताई, तू जा"? तसं असेल तर मी नापास झाले, ते मला मान्य आहे. पण मला रागवायचंही आहे आणि पायही धरायचेत, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नाही.

किती मागे सरकवायचीस तेवढं सांग. निदान ते तरी सांग.

बेडकी


३ मे

ताई,

दुसरं पत्र मिळालं. या वेळी पान भरलंय, म्हणजे प्रगती आहे.

आकडा नाहीच म्हणतेस. कधी वीत, कधी दोन विती, कधी चार बोटं. माझ्या मानेकडे बघून ठरवायचीस. मी घाबरले की मान आखडते, मान आखडली की मी जोरात सुटते, जोरात सुटले की पावलं लांब पडतात आणि पाय आत येतो. हे तू मला चार वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतं तर मी शेवटची चार पावलं मोजायला लागले असते आणि मग पोल हातात धरून थेट घरी गेले असते. हे मात्र खरं. तू एकदा नुसतं म्हणाली होतीस, "डावी चप्पल जास्त झिजते तुझी," तर मी आठवडाभर लंगडत होते.

आता स्वतःची मान स्वतःला कशी दिसणार? मी दुकानातल्या आरशासमोर उभी राहून घाबरायचा प्रयत्न केला. काकांनी विचारलं, उसण भरली का?

शेवटी तू लिहिलंयस, "सतराला मी येते. बादली तयार ठेव."

ते वाक्य वाचून मला रडू आलं, हे आधी कबूल करते. मी लगेच एका चिठ्ठीवर "ये" असं लिहिलं. एकच अक्षर. पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि पर्समध्ये ठेवलं. टपालपेटीत टाकायला निघाले, तुला बोलावतेय असं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिला कशाला बोलावतेस? सतराला तिचं ते हवामानवाल्यांचं आहे ना?" आणि जीभ चावली. तू तिला सांगू नको म्हणाली होतीस. पण आईच्या पोटात काय राहतं का? सगळं बाहेर आलं. पुन्हा जागा निघालीय, सकाळी दहाची मुलाखत, आणि वयाच्या अटीमुळे तुझी ही शेवटची संधी.

ताई, तू पुन्हा तेच केलंस! आणि मीही पुन्हा तेच केलं. ते "ये"चं पाकीट तीन दिवस माझ्या पर्समध्ये होतं. सगळं कळूनसुद्धा, तीन दिवस. पहिल्या दिवशी मला वाटलं, ती मोठी आहे, तिचं तिला कळतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, मला काहीच माहीत नाही असं समजायला काय हरकत आहे. तिसऱ्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे पट्टी धरली आणि तेच अंतर तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. बाईंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, नाही.

पाकीट फाडलं. आता नीट वाच, मी मोठ्या अक्षरात लिहिते: येऊ नकोस.

आलीस तर मी धावपट्टीवर पाऊल टाकणार नाही. तुला माहीत आहे मी किती हट्टी आहे. मला खूप वाटतं तू यावंस. तुझ्याशिवाय तीन साठ होतील असं मला बिलकूल वाटत नाही, कार्ड जाईल आणि मी महिनाभर घरात थैमान घालीन. घालू दे. पण सतराला सकाळी दहा वाजता तू त्या ऑफिसात असली पाहिजेस.

सोबत तुझं निळं विंडचीटर पाठवतेय. दोन वर्षं मी ते धुतलं नव्हतं, आता धुतलंय. खिसे तपासून घे, खडू राहिला असेल.

बेडकी


१७ मे, दुपार

ताई,

मैदानाच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय. अक्षर लागलं तर वाच.

आम्ही चौघीच होतो. वारा मागून, अगदी थोडा. तीन तीस मी दुसऱ्या संधीत पार केले, तीन पंचेचाळीस तिसऱ्या संधीत कसेबसे, पोट दांडीला घासत. मग तीन साठ. पहिली उडी, पाय आत. हिसडा. दुसरी उडी, पाय आत. परत पट्टीवर. मान आखडलीय हे मला कळत होतं आणि कळल्यामुळे ती जास्तच आखडत होती. तू लिहिलंस ते वाचून माझं नुकसानच झालं, खरं सांगते.

लंबूने तीन साठ पहिल्याच उडीत पार केले होते आणि ती मोजे काढून पाय पसरून बसली होती. माझ्या तिसऱ्या उडीआधी बाकी दोघी उडणार होत्या, तेवढाच वेळ. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"माझं एक काम कर," मी म्हटलं. "माझी मान बघ. आणि तुला वाटेल तेवढी माझी खूण मागे घे. मला सांगू नको किती."

तिने मान वर केली. "उन्हाने डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलंय. करशील का?"

"मला काय फायदा?"

"काही नाही."

तिने मोजे पुन्हा घातले. एवढ्या वर्षांत ती माझ्यासाठी पहिल्यांदाच उठली असेल. म्हणाली, "फीर तिकडे." मी पाठ फिरवली. समोर भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं. दहाला चार मिनिटं कमी होती.

आणि ताई, मला एकदम तू दिसलीस. एखाद्या लांब कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर, मांडीवर फाइल, गुडघे जुळवून. तू घाबरलीस की डाव्या हाताने उजवं मनगट धरतेस. तसं धरलं असशील का? आधी कोणाला आत बोलावलं असेल? पाणी तरी प्यायलीस का? माझ्या मनात आलं, हिची मान कोण बघणार? इतकी वर्षं मी तुझ्या मानेकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी तिथेच उभी राहून तुला म्हटलं, "शांत बोल." मोठ्याने म्हटलं असणार, कारण पंचांनी वळून बघितलं.

"झालं," लंबू म्हणाली. "जा."

माझं नाव पुकारलं. मी चिकटपट्टीपाशी पाय लावला, खाली बघितलं नाही. पोल उचलला. पळताना मी पावलं मोजलीच नाहीत. माझं सगळं लक्ष त्या कॉरिडॉरमध्ये होतं. आता दार उघडलं असेल, आता ती उठली असेल, आणि तेवढ्यात पोल टेकला आणि हिसडा बसलाच नाही. पोल वाकला आणि मी वर. छाती दांडीला लागली, दांडी हलली, मी गादीवर पाठीवर पडून खालून बघतेय, ती थरथरतेय, थरथरतेय, आणि राहिली.

पांढरं निशाण वर गेलं. मी उठलेच नाही, मग मामांनी येऊन पाय हलवला.

नंतर मी टेप घेऊन गेले. म्हटलं, आता आकडा कळेल, वहीत लिहीन आणि आयुष्यभर सुटका. टेप लावली, वाकून बघितलं. अठ्ठावीस मीटर वीस.

पुन्हा लावली. अठ्ठावीस मीटर वीस. बोटभरसुद्धा फरक नाही.

मी लंबूकडे गेले. "तू हलवलीच नाहीस?"

"दुसऱ्याच्या खुणेला मी हात लावते का कधी?" ती म्हणाली. "तू फिरलीस, मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, जरा वेळाने झालं म्हटलं."

मी टेप गुंडाळून इथे पायऱ्यांवर येऊन बसले. मग मला सांग, दोन वर्षं काय चुकत होतं? तू हलवत होतीस ते बरोबर होतं का उगाचच होतं? आता मी हळू पळते म्हणून जमलं? का कोणीतरी हलवलीय असं वाटलं म्हणून? का मी तिथे नव्हतेच म्हणून? लंबू म्हणते, नशीब. काका म्हणतील, डोळे. मला काहीच कळलेलं नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही कळलेलं नाही. वहीत आजच्या तारखेपुढे मी आकडा लिहिला आणि खाली रेघ मात्र मारली नाही.

कार्ड सोमवारी मिळेल. फोटो लागतो म्हणे.

ते जाऊ दे. मी चार पत्रांत आकडा आकडा करत बसले आणि पाचव्यात तुझ्यावर हुकूम सोडला. पाचही पत्रं आठवून बघितली, तू कशी आहेस हे मी एकदाही विचारलेलं नाही. आता विचारते. आत कधी बोलावलं? किती जण होते? ढगांबद्दल काही विचारलं का? विंडचीटर घालून गेलीस का? मी इथून उठून सरळ घरी जातेय आणि फोनजवळ बसतेय. या वेळी मी बोलणार नाही, तू बोल, मी ऐकते.

ताई, तुझं कसं झालं?

बेडकी